पांढरीच्या मातीपासून प्लॅस्टिकच्या विटेपर्यंत : बांधकामातील टाकाऊ वस्तूंच्या पुनर्वापराचा ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : मोडनिंब परिसर)

सारांश

प्लॅस्टिकच्या कचऱ्यापासून रस्ते, विटा व फरशा तयार करण्याचे प्रयोग गेल्या दोन-अडीच दशकांत देशविदेशात झाले. या प्रयोगांकडे सामान्यतः अभियांत्रिकीच्या किंवा पर्यावरणशास्त्राच्या दृष्टीने पाहिले जाते. प्रस्तुत शोधनिबंधात त्यांच्याकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले आहे. टाकाऊ वस्तूंतून बांधकाम करणे ही सोलापूर परिसराला नवी गोष्ट नाही. पांढरीची माती, सुरखी आणि वीज केंद्राची राख ही तिची तीन ठळक उदाहरणे होत. या परंपरेच्या अनुभवातून श्रम, आपत्ती आणि अखेर अशा तीन कसोट्या हाती येतात. त्या लावल्या असता प्लॅस्टिकचा वापर कुठे करावा आणि कुठे करू नये, याचा विवेक करता येतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : पांढर, माळवद, उकिरडा, सुरखी, प्लॅस्टिक कचरा, पुनर्वापर, मोडनिंब.

प्रस्तावना

मोडनिंब हे सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील, पुणे–सोलापूर महामार्गावरचे बाजारपेठेचे गाव आहे. कुर्डुवाडी–पंढरपूर लोहमार्गावरील ते एक स्थानकही आहे. या परिसरातील कोणत्याही गावातून फेरफटका मारला, तर तीन पिढ्यांची घरे शेजारी-शेजारी उभी असलेली दिसतात : मातीच्या छपराचे माळवद, पत्र्याचे घर आणि सिमेंटच्या स्लॅबचे घर. गावाच्या कडेला, ओढ्याच्या काठाने आणि महामार्गाच्या चरातून चौथी वस्तू दिसते. ती म्हणजे प्लॅस्टिक.

जुने माळवद पाडले जाते तेव्हा त्याचे लाकूड दुसऱ्या घराला किंवा गोठ्याला लागते, दगड नव्या घराच्या पायात जातो आणि माती शेतकरी गाडीने शेतात नेऊन टाकतो. महिन्याभरात त्या जागी टाकाऊ म्हणावे असे फारसे काही उरत नाही. स्लॅबचे घर पाडले की मात्र राडारोडा उरतो. उद्या प्लॅस्टिकच्या विटेचे घर पाडावे लागले, तर काय उरेल? हा प्रश्न आज कुणी विचारत नाही, कारण तशी घरे अजून पडण्याच्या वयाची झालेली नाहीत. इतिहासाच्या अभ्यासकाने तो आधीच विचारणे आवश्यक आहे. प्रस्तुत निबंधामागील प्रेरणा ही आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. सोलापूर परिसरातील बांधकामात टाकाऊ वस्तूंचा वापर कसा होत आला, याचा आढावा घेणे.
२. प्लॅस्टिकच्या कचऱ्याचा रस्ते व इमारतींतील वापर आणि त्यासंबंधीचे नियम यांची वाटचाल पाहणे.
३. पूर्वानुभवाच्या आधारे या वापराला लावता येतील अशा कसोट्या निश्चित करणे.

अभ्यासपद्धती व मर्यादा

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. शासकीय अधिसूचना, रस्तेबांधणीविषयक मार्गदर्शक तत्त्वे, प्रसिद्ध साहित्य आणि परिसरातील प्रत्यक्ष निरीक्षण हा त्याचा आधार आहे. साहित्याच्या ताकदीची प्रयोगशाळेतील तपासणी हा या निबंधाचा विषय नाही.

१. काळी, पांढरी आणि उकिरडा

जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग मानलेले आढळतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाऊ जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. वस्तीच्या जागेला हे नाव तिथल्या मातीच्या रंगावरून पडले. शेकडो वर्षे एकाच ठिकाणी माणसे राहिली, घरे पडली, पुन्हा बांधली गेली, चुलीतील राख, शेण, हाडे, खापरे, भुसा हे सारे तिथेच मुरत गेले. त्यातून राखेच्या अंशाची, बारीक पोताची, फिकट रंगाची माती तयार झाली. गावातील पांढरीचे टेकाड म्हणजे एका अर्थाने त्या गावाच्या अनेक शतकांच्या कचऱ्याचा साठाच होय. तेर, पैठण, भोकरदन अशा प्राचीन स्थळांचा इतिहास पुरातत्त्वज्ञांनी अशाच टेकाडांतून वाचला.

या मातीचा सर्वांत मोठा उपयोग बांधकामात झाला. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर किलचण, त्यावर पालापाचोळ्याचा थर, त्यावर चिखल आणि सर्वांत वर पांढरीच्या मातीचा जाड थर अशी माळवदाची रचना असे. पांढरीची माती बारीक पोताची असल्याने नीट चोपली की पाणी झिरपू देत नाही. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकून ती चोपणे, पन्हळ मोकळी करणे, हे घराघरातले ठरलेले काम होते. जिथे पाऊस कमी आणि उन्हाळा कडक, तिथे हे छप्पर सोयीचे होते. घरात उकाडा कमी होई आणि वर धान्य वाळवता येई.

गावातल्या गढ्यांचे उंच बुरूज व भिंतीही पुष्कळ ठिकाणी याच मातीच्या. गढी ओस पडली की गावकरी तिची माती उकरून घराला किंवा शेताला नेत. आज अनेक गढ्या निम्म्या-अर्ध्या उरल्या आहेत, त्याचे हेही एक कारण आहे. पुरातत्त्वाच्या दृष्टीने ही हानी खरी. पण त्यामागील व्यवहार समजून घेतला पाहिजे. बांधकामाचे साहित्य संपत नव्हते, ते जागा बदलत होते.

या व्यवस्थेचे दुसरे अंग म्हणजे उकिरडा. प्रत्येक कुणब्याच्या घरामागे उकिरडा असे आणि ती त्याची संपत्ती मानली जाई. घरातील व गोठ्यातील जे काही निघे ते उकिरड्यावर, उकिरड्याचे खत काळीत, काळीतील धान्य व कडबा पुन्हा पांढरीत. अशा रीतीने काळी आणि पांढरी यांच्यात देवाणघेवाण चालू राही. या व्यवहारात कचरा म्हणून वेगळी काढून ठेवावी, अशी वस्तू जवळजवळ नव्हती.

२. चुना, सुरखी आणि ताग

सधन घरांच्या, देवळांच्या आणि किल्ल्यांच्या बांधकामात चुन्याचा वापर होई. माढा व करमाळा येथील रावरंभा निंबाळकरांच्या काळातील किल्ले या परिसरात प्रसिद्ध आहेत. दख्खनमधील अनेक भुईकोट किल्ल्यांच्या तटांत जुन्या वास्तूंचे कोरीव दगड बसवलेले दिसतात. त्यामागे कधी विजेत्याचा आविर्भाव असे, तर कधी निव्वळ सोय. परंतु घडवलेला दगड वाया घालवायचा नाही, ही वृत्ती दोन्हींत समान होती.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सुरखीचे महत्त्व अधिक आहे. फुटक्या, जादा भाजलेल्या विटा कुटून केलेली भुकटी म्हणजे सुरखी. बैलांच्या घाणीत चुना मळताना ती मिसळली की चुना पाण्यातही पकडतो आणि अधिक टणक होतो. मातीच्या गिलाव्यात गव्हाचे काड, भुसा आणि चुन्याच्या कामात ताग किंवा अंबाडीचे तंतू घालत, ते भेगा पडू नयेत म्हणून. आज काँक्रीटमध्ये प्लॅस्टिकचे तंतू मिसळतात त्याचे तत्त्व हेच आहे. फरक एवढाच की ताग कुजून मातीत जातो, प्लॅस्टिक जात नाही. हा फरक किरकोळ नाही, हे पुढील विवेचनातून स्पष्ट होईल.

३. लोहमार्ग आणि बाहेरचे साहित्य

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सामान्य माणसाचे घर बैलगाडीच्या टप्प्यातील साहित्याने बांधले जाई. लोहमार्गाने हे चित्र बदलले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली आणि पुढे ती गुलबर्ग्याच्या दिशेने गेली. त्या मार्गावरील शहाबादची फरशी सोलापूर जिल्ह्याच्या ओसरी-अंगणात आणि स्वयंपाकघरात इतकी रुळली की ‘शहाबादी’ हेच फरशीचे नाव झाले. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी असा सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो पंढरपूरला पोहोचला. मोडनिंब याच मार्गावर आहे. हा मार्ग चालू शतकाच्या आरंभी रुंद झाला.

लोहमार्गाने लोखंडी पत्रे, मंगलोरी कौले, गर्डर आणि पुढे सिमेंट येऊ लागले. घर अधिक टिकाऊ झाले, दरवर्षीची मशागत कमी झाली, स्त्रियांचे सारवण-लिंपणाचे कष्ट घटले. हे लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु याच काळात बांधकामाचा गावच्या मातीशी असलेला संबंध सैल होत गेला. घराचे साहित्य गावात येऊ लागले. घर पडल्यावर ते कुठे जाईल, हे ठरवणारी रीत मात्र तयार झाली नाही.

४. किल्लारीचा धडा

जुन्या घराचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. मृत्यू एवढे का झाले, याची जी कारणमीमांसा झाली तीत घरांची बांधणी हे मुख्य कारण ठरले. मातीत रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंती आणि त्यांवर दरवर्षी थरावर थर चढून अतिशय जड झालेले मातीचे छप्पर. भिंती फुटल्या आणि छप्पर झोपलेल्या माणसांवर कोसळले. लाकडी खांबांवर स्वतंत्रपणे तोललेली माळवदे काही ठिकाणी तगली. भिंतींवर टेकलेली गेली.

सोलापूर जिल्ह्यालाही हे हादरे जाणवले आणि त्यानंतर माळवदावरचा लोकांचा विश्वास उडाला. पत्रा आणि स्लॅब यांच्या प्रसाराला या एका पहाटेने जेवढी गती दिली, तेवढी कोणत्याही योजनेने दिली नसेल. यातून इतिहासाच्या अभ्यासकाला मिळणारा बोध स्पष्ट आहे. बांधकामाच्या साहित्याची परीक्षा ते उभे राहते त्या दिवशी होत नाही, आपत्तीच्या दिवशी होते. शंभर वर्षे सावली देणारे छप्पर एका मिनिटात घातक ठरू शकते. नव्या साहित्याला हाच निकष लावणे क्रमप्राप्त आहे.

५. प्लॅस्टिकचे आगमन

भारतात प्लॅस्टिकचा कच्चा माल तयार करण्यास १९५७ मध्ये पॉलिस्टायरिनच्या उत्पादनाने प्रारंभ झाला. महाराष्ट्रात ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि पुढे रायगड जिल्ह्यातील नागोठणे येथे मोठे कारखाने उभे राहिले. तरीही ग्रामीण भागात प्लॅस्टिक पसरले ते प्रामुख्याने १९८० नंतर. आधी घागर, बादली आणि पीव्हीसीचा पाइप आला. मग दुधाची पिशवी, कॅरीबॅग, गुटख्याची व शाम्पूची पुडी.

माढा तालुक्याच्या बाबतीत शेतीचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा लागतो. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याने आणि ठिबक सिंचनाच्या प्रसाराने ऊस, डाळिंब, द्राक्ष यांची लागवड वाढली. ठिबकच्या नळ्या, मल्चिंगचा कागद, शेततळ्याचे अस्तर, खताच्या गोण्या हे सारे प्लॅस्टिकच. या प्लॅस्टिकने पाणी वाचवले, हे मान्य करावेच लागेल. पण ते काही वर्षांनी निकामी होते आणि बांधावर येऊन पडते.

याचा सर्वांत मोठा आघात उकिरड्यावर झाला. उकिरड्यात पिशव्या शिरल्या आणि खताबरोबर शेतात गेल्या. नांगरताना फाळाला पिशव्यांच्या चिंध्या अडकणे हा आता प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाचा अनुभव आहे. गावाच्या उकिरड्यावर प्रथमच न कुजणारी वस्तू आली आणि काळी व पांढरी यांच्यातील देवाणघेवाण बिघडली.

६. कायद्याची वाटचाल

केंद्र शासनाने १९९९ मध्ये प्लॅस्टिकविषयीचे पहिले नियम केले व पिशवीच्या जाडीची मर्यादा २० मायक्रॉन ठरवली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई बुडाली. तुंबलेल्या गटारांचा दोष पिशव्यांवर आला आणि महाराष्ट्राने २००६ मध्ये अविघटनशील कचरा नियंत्रणाचा कायदा करून ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांना मनाई केली. याच कायद्याच्या आधारे २३ मार्च २०१८ रोजी राज्यात प्लॅस्टिक पिशव्या व थर्माकोलच्या वस्तूंवर व्यापक बंदी आली. एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी लागू झाली.

ग्रामीण भागाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा टप्पा २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांचा आहे. या नियमांची व्याप्ती प्रथमच नगरपालिकांच्या बाहेर, ग्रामपंचायतींपर्यंत नेण्यात आली. पुनर्चक्रण न होणारे प्लॅस्टिक रस्त्यांच्या कामात वापरण्यास त्यांत उत्तेजन दिले आणि उत्पादकावर विस्तारित जबाबदारी टाकली. मात्र जबाबदारी आली म्हणून साधने आली, असे नाही. मोठ्या शहराकडे कचरा वेगळा करण्याची केंद्रे, वाहने आणि निविदा असतात. ग्रामपंचायतीकडे बहुधा एक घंटागाडी किंवा ट्रॅक्टर आणि गावाबाहेरचा एक खड्डा असतो. महाराष्ट्रात २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गावे झाडून निघाली, लोकांना सामूहिक कामाची गोडी लागली. पण झाडून गोळा केलेल्या प्लॅस्टिकचे पुढे काय करायचे, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

७. रस्त्यातील प्लॅस्टिक

या प्रश्नाचे आपल्या देशातील सर्वांत परिचित उत्तर मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी दिले. त्यांनी या शतकाच्या आरंभी केलेल्या प्रयोगांना २००६ मध्ये पेटंट मिळाले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. त्यांची पद्धत साधी आहे. स्वच्छ केलेले प्लॅस्टिक बारीक कातरून सुमारे १६० ते १७० अंश सेल्सिअस तापलेल्या खडीवर टाकतात. ते वितळून खडीवर पातळ लेप चढतो आणि मग डांबर मिसळतात. लेपामुळे खडीत पाणी शिरत नाही, डांबर घट्ट धरते आणि डांबराची काही प्रमाणात बचत होते. पावणेचार मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्यात साधारण एक टन प्लॅस्टिक सामावते.

इंडियन रोड्स काँग्रेसने २०१३ मध्ये या पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने पाच लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांभोवती ५० किलोमीटरच्या परिघात गरम डांबरी मिश्रणात टाकाऊ प्लॅस्टिकचा वापर करण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्रात नागोठणे येथे रिलायन्सने आपल्या कारखान्याच्या परिसरात सुमारे ५० टन प्लॅस्टिक वापरून जवळजवळ ४० किलोमीटर लांबीचे रस्ते केल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. ज्या ठिकाणी प्लॅस्टिक जन्माला येते, त्याच ठिकाणी ते रस्त्यात पुरले गेले, ही बाब लक्षणीय आहे.

मोडनिंबच्या दृष्टीने यात दोन गोष्टी विचारात घेण्यासारख्या आहेत. एक, २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या घरात असल्याने ते शहर या निर्देशांत येते. परंतु मोडनिंब सोलापूरपासून रस्त्याने साठ किलोमीटरहून थोडे अधिक दूर, म्हणजे या वर्तुळाच्या काठावर पडते. नियम शहर हे केंद्र मानून आखला गेला, महामार्गावरचे गाव मानून नव्हे. दुसरी गोष्ट, या पद्धतीत पीव्हीसी चालत नाही, कारण तापवल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइडसारखा घातक वायू निघतो. शेतीच्या भागात ठिबकच्या नळ्या पॉलिथिनच्या आणि मुख्य पाइप पीव्हीसीचे असतात. दोन्ही एकाच ढिगात पडतात. ते वेगळे करणारा जाणता हात नसेल, तर चांगली पद्धतही अपायकारक ठरू शकते.

८. विटेतील प्लॅस्टिक

रस्त्यानंतर विटेचा विचार करू. बाटलीपासून भिंत बांधण्याची कल्पना नवी नाही. हॉलंडच्या आल्फ्रेड हायनेकेन यांनी वास्तुविशारद जॉन हाब्राकेन यांच्याकडून १९६३ मध्ये बिअरची चौकोनी काचेची बाटली तयार करवून घेतली. ती रिकामी झाल्यावर विटेसारखी रचता यावी, हा हेतू होता. तो प्रयोग व्यवहारात रुजला नाही, पण त्यामागील विचार मोलाचा होता : वस्तू टाकाऊ झाल्यावर तिचे काय होईल, हे ती बनवतानाच ठरवायचे.

अलीकडच्या काळात तीन प्रकार प्रचलित झाले आहेत. पहिला, पाण्याच्या बाटलीत पुड्या व पिशव्या ठासून भरून ती विटेऐवजी मातीत किंवा सिमेंटमध्ये बसवणे. शाळांमध्ये हा उपक्रम लोकप्रिय आहे. दुसरा, प्लॅस्टिक वितळवून वाळूबरोबर साच्यात दाबणे. पेव्हर ब्लॉक, फरशा असे त्याचे स्वरूप असते. गुजरातमधील ऱ्हायनो मशिन्स या कंपनीने २०२० मध्ये ओतकामातील वाया जाणारी वाळूची धूळ व मिश्र प्लॅस्टिक यांपासून ठोकळे तयार केले. त्यात सुमारे ८० टक्के धूळ व २० टक्के प्लॅस्टिक होते. तिसरा, केवळ प्लॅस्टिकचे एकमेकांत अडकणारे ठोकळे. कोलंबियातील कॉन्सेप्टोस प्लास्टिकोस या उद्योगाच्या तंत्राने युनिसेफने २०१९ च्या सुमारास आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमध्ये शाळेच्या वर्गखोल्या उभारल्या. तिथे प्लॅस्टिक गोळा करणाऱ्या गरीब स्त्रियांना त्यातून उत्पन्न मिळावे, अशीही योजना होती.

या संदर्भात राखेच्या विटेचे उदाहरण जवळचे आहे. औष्णिक वीज केंद्रातील राखेचे ढीग हा एकेकाळी असाच प्रश्न होता. १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने केंद्राच्या ५० किलोमीटर परिघातील वीट उत्पादकांना राख मिसळणे बंधनकारक झाले. २००३ मध्ये ही मर्यादा १०० किलोमीटर झाली. सोलापूरजवळ फताटेवाडी येथील एनटीपीसीचे केंद्र २०१७ पासून वीज निर्माण करू लागले आणि राख या परिसराचीही बाब झाली. राखेची वीट आज गवंड्याच्या हाताला सवयीची झाली आहे. कारण ती केवळ प्रचारातून आली नाही. राख देण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली गेली, विटेची मानके ठरली आणि वापरही सक्तीचा झाला. शिवाय राख मुळात खनिज आहे. ती जळत नाही. प्लॅस्टिक आणि राख यांची तुलना इथे संपते.

९. इतिहासाच्या तीन कसोट्या

(अ) श्रमाची कसोटी : मंगळवेढा हे याच जिल्ह्यातील गाव. तिथल्या गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळून संत चोखामेळा व त्यांच्याबरोबरचे मजूर गाडले गेले, असे परंपरा सांगते. हा काळ इ.स. १३३८ चा मानतात. ज्यांना गावकुसाच्या आत राहण्याचा अधिकार नव्हता, त्यांनाच ते कूस बांधण्यासाठी वेठीला धरले गेले आणि तेच त्याखाली गेले. बांधकामाच्या इतिहासात साहित्याची नोंद राहते, हातांची राहत नाही. चोखोबांची राहिली ती त्यांच्या अभंगांमुळे. आज प्लॅस्टिक वेचणारे, निवडणारे, धुणारे हात बहुतांशी त्याच सामाजिक थरांतील, आणि विशेषतः स्त्रियांचे आहेत. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने या कामाला श्रमाची प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि पुणे महापालिकेशी झालेल्या करारातून कचरावेचकांना शहराच्या व्यवस्थेत स्थान मिळाले. गावाच्या आणि तालुक्याच्या पातळीवर मात्र हे काम आजही भंगाराच्या गाड्यावर आणि पोत्यावर चालते. प्लॅस्टिकच्या विटेचा खर्च कमी दिसतो तो अनेकदा या हातांना पुरेसे मोल न दिल्यामुळे, हे विसरता कामा नये.

याला जोडून दुसरा मुद्दा. दुधाची पिशवी, पाण्याची बाटली, ठिबकची नळी यांना भंगारात भाव आहे. त्यांपासून पुन्हा वस्तू होतात. वेफर्स किंवा गुटख्याच्या बहुथरी पुडीला भाव नाही, म्हणून ती कुणी उचलत नाही. भाव असलेले प्लॅस्टिक भिंतीत पुरले, तर वेचणाऱ्याचे उत्पन्न जाते आणि पुडी गटारातच राहते. बांधकामाची गरज या भाव नसलेल्या प्लॅस्टिकसाठी आहे.

(ब) आपत्तीची कसोटी : किल्लारीने मातीच्या छपराची परीक्षा घेतली, तशी प्लॅस्टिकची परीक्षा अग्नी घेतो. १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीला आग लागून ७२ जण दगावले. एका घरात लागलेली आग बाहेरच्या आवरणातून साऱ्या इमारतीला वेढत गेली. त्या आवरणाच्या पत्र्यांच्या आत पॉलिथिनचा थर होता. आपल्याकडे चूल, गॅस सिलिंडर आणि शेजारीच रचलेला कडबा अशी घराची स्थिती असते. राहत्या घराच्या भिंतीत प्लॅस्टिकचे प्रमाण वाढवण्यापूर्वी ती आगीत कशी वागते, तिचा धूर किती विषारी असतो, याची तपासणी अनिवार्य असली पाहिजे. किल्लारीच्या वेळी आपण शहाणपण घटनेनंतर शिकलो. ते या वेळी आधी शिकता येणे शक्य आहे.

(क) अखेरीची कसोटी : माळवद पडले की त्याची माती शेतात जाते. सुरखी चुन्याबरोबर पुन्हा दगडमातीत मिसळते. प्लॅस्टिक मिसळलेला ठोकळा फुटला की त्याचे तुकडे होतात आणि ऊन, पाऊस व घर्षण यांनी तुकड्यांचे कण होतात. बाटली सिमेंटमध्ये चिणल्यावर तर काच, माती, प्लॅस्टिक यांतले काहीच वेगळे काढता येत नाही. अशा भिंतीमुळे कचरा संपत नाही, तो एका पिढीपुरता पुढे ढकलला जातो. पुन्हा वितळवून नवा ठोकळा करता येईल, अशी वस्तू त्या मानाने बरी. परंतु ती परत घेण्याची जबाबदारी कुणाची, हे विकतानाच ठरले पाहिजे.

निष्कर्ष

१. टाकाऊ वस्तूंचा बांधकामात वापर हा सोलापूर परिसराच्या इतिहासाचा जुना भाग आहे. पांढरीची माती, सुरखी आणि राख यांच्यामुळे प्लॅस्टिकच्या पुनर्वापराकडे परकी कल्पना म्हणून पाहण्याचे कारण उरत नाही.

२. तथापि जुन्या व्यवस्थेचे यश केवळ पुनर्वापरात नव्हते. वापर संपल्यावर वस्तू पुन्हा मातीला मिळण्यात होते. प्लॅस्टिकपाशी ही गोष्ट नाही. म्हणून परंपरेचा दाखला देऊन प्लॅस्टिकच्या विटेचे सरसकट समर्थन करता येत नाही.

३. तिन्ही कसोट्यांवर रस्त्याचा वापर तुलनेने उजवा ठरतो. तिथे प्लॅस्टिकचे प्रमाण अल्प असते, ते खडी-डांबराशी एकजीव होते आणि कुणी त्याखाली झोपत नाही. रस्ता झिजताना सुटणाऱ्या सूक्ष्म कणांकडे मात्र लक्ष ठेवावे लागेल. अंगणातील फरशा, पदपथ, कुंपणाचे खांब हे त्यानंतरचे योग्य वापर होत. राहते घर, शाळा व अंगणवाडी यांच्या भिंती हा सर्वांत शेवटचा आणि अग्निपरीक्षेनंतरचाच पर्याय असावा.

४. महामार्गावरील मोडनिंबसारख्या गावांनी आजूबाजूच्या ग्रामपंचायतींसह प्लॅस्टिक निवडण्याचे व कातरण्याचे एक सामाईक केंद्र चालवल्यास भाव नसलेल्या प्लॅस्टिकला रस्त्याच्या कामाची वाट मिळू शकेल. मात्र तिथे काम करणाऱ्यांचे वेतन, हातमोजे, पाणी आणि आरोग्यतपासणी हा खर्च प्रकल्पाच्या हिशेबात पहिल्या ओळीत यावा.

५. राखेच्या विटेचा इतिहास सांगतो त्याप्रमाणे उत्पादकाची जबाबदारी, साहित्याची मानके आणि वापराची हमी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय असे प्रयोग टिकत नाहीत.

पुढील काळातील पुरातत्त्वज्ञ आपल्या गावांची पांढर उकरतील, तेव्हा राख, खापर आणि हाडांच्या वरच्या थरात त्यांना आपला काळ प्लॅस्टिकवरून ओळखता येईल. तो थर किती जाड करायचा, हे ठरवण्याची संधी मात्र आजच्या पिढीच्या हाती आहे.